बिस्मथ : शिशाची जागा घेणारा धातू आणि आपलं पितळ

ओतकामगार | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. अंबडच्या एमआयडीसीत पितळेचं ओतकाम आणि मशिनिंग करतो. नळ, कॉक, व्हॉल्व्हच्या बॉड्या, पाइपांचे जोड हा रोजचा माल. आमच्या धंद्यात बिस्मथ नावाचा धातू मागच्या दाराने शिरलाय. त्याच्याबद्दल मराठीत नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतोय. इथे शिक्षक आहेत, औषधवाले आहेत, जुन्या नाशकातली तांबट मंडळी आहेत. ज्याचा ज्याचा या धातूशी संबंध आला असेल त्याने लिहावं.

आधी आमच्या बाजूचं सांगतो. लेथवर सुरळीत चालणाऱ्या पितळेत, म्हणजे फ्री कटिंग ब्रासमध्ये, साधारण ३ टक्के शिसं असतं. शिसं पितळेत विरघळत नाही. रस गोठताना त्याचे बारीक थेंब जागोजाग अडकून बसतात. टूल त्या थेंबापाशी आलं की कापून निघणारी चिप तिथेच तुटते. लांब गुंडाळ्या होत नाहीत, टूल कमी झिजतं, फिनिश चकचकीत येतं. बिनशिशाचं साधं पितळ टर्नरच्या हातात द्या, थोड्याच वेळात तो कुरकुरत परत येतो.

पण हेच शिसं रात्रभर नळात साचून राहिलेल्या पाण्यात थोडं थोडं उतरतं. आपल्या आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. अमेरिकेने जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये, पाण्याला लागणाऱ्या भागात शिशाची सरासरी ०.२५ टक्क्यांवर आणली. त्याआधी ८ टक्क्यांपर्यंत चालायचं. मग बाहेर माल पाठवणाऱ्यांनी शिशाला पर्याय शोधला, आणि त्यातला एक पर्याय म्हणजे बिस्मथ.

आवर्तसारणीत शिसं ८२ वर, बिस्मथ लगेच पुढे ८३ वर. शिसं ३२७ अंशाला वितळतं, बिस्मथ २७१ ला. बिस्मथही पितळेत विरघळत नाही, त्यामुळे चिप तोडायचं काम तोही करतो. आणि शिशासारखा अंगात भिनत नाही.

इथवर सगळं गोड आहे. अडचण अशी की शिशाचे थेंब गोल राहतात, बिस्मथ मात्र तांब्याच्या कणांच्या सीमांवर पसरतो. दोन कणांच्या मध्ये त्याचा पातळ थर बसतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पितळ गोठल्यावरसुद्धा २७१ अंशापर्यंत तो थर आत वितळलेलाच असतो. गरम माल हलवला, ठोकला, की तिथूनच भेग जाते. विजेच्या तारेसाठी जे उत्तम दर्जाचं कॅथोड तांबं येतं त्यात बिस्मथ दहा लाखांत फक्त २ भाग चालतो. यावरून तांब्याला त्याचं किती वावडं आहे ते समजेल. जाणकार लोक बिस्मथ ब्रास करताना कथील किंवा सेलेनियम असं काहीतरी सोबत घालतात, म्हणजे थर न होता थेंब होतात. तो माल चांगला चालतो, मी स्वतः टर्न केलाय.

आता खरं दुखणं. मागच्या पावसाळ्यात आमच्या साध्या, शिशाच्या पितळेच्या बॉड्यांचा एक लॉट डायमधून, म्हणजे धातूच्या साच्यातून, निघतानाच तडकायला लागला. भट्टीचं तापमान बघितलं, डाय बघितली, आतली पोकळी ठेवणारे कोअर बदलले. एक बॉडी व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली, एका टोल्यात दोन तुकडे. चांगल्या पितळेची मोड, म्हणजे तुटलेली कड, पिवळीधमक आणि चिवट असते, आधी वाकतं आणि मग तुटतं. ही मोड राखाडी, दाणेदार, आणि वाकल्याची खूण नाही. स्पेक्ट्रोला, म्हणजे कोणता धातू किती आहे ते सांगणाऱ्या लॅबच्या तपासणीला, पाठवलं तर बिस्मथ निघाला. भंगारात घेतलेल्या टर्निंगच्या चुऱ्यात कुणाच्या तरी बिस्मथ ब्रासचा चुरा मिसळून आला होता. चुरा डोळ्याने सारखाच दिसतो. देणाऱ्याने हात वर केले, आणि ज्याच्या भट्टीत तो वितळला त्याचं नुकसान झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे : बिस्मथ शिशापेक्षा माणसाला फार बरा, तो वाढायला हवा. पण त्याचं भंगार पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवायची सवय नाशकात लागली पाहिजे. नाहीतर पितळेचं जे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, जुनं वितळवायचं आणि नवं ओतायचं, ते नासेल.

---

पंचवटीचा_मास्तर | शनिवार, रात्री १०:०५

फार चांगला धागा, दादा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बिस्मथ हा माझ्या आवडीचा धातू, कारण एका तुकड्यात अर्धं भौतिकशास्त्र दाखवता येतं.

पहिलं म्हणजे चुंबक. लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं हे पोरांना माहीत असतं. बिस्मथ चुंबकापासून दूर सरकतो. डच संशोधक ब्रुगमन्स यांनी हे १७७८ मध्येच टिपलं होतं, आणि फॅरडे यांनी १८४५ मध्ये या गुणाचा पद्धतशीर अभ्यास केला. याला प्रतिचुंबकत्व म्हणतात. ते पाण्यात आहे, तांब्यात आहे, आपल्या अंगातही आहे, पण इतकं क्षीण की जाणवत नाही. बिस्मथमध्ये मात्र ते नेहमीच्या सगळ्या धातूंपेक्षा ठळक असतं. बारीक दोऱ्याला तुकडा टांगायचा, पंखा बंद, खिडक्या बंद, तुकडा पूर्ण स्थिर होऊ द्यायचा. मग निओडिमियमचं चुंबक हळूच जवळ न्यायचं. तुकडा सावकाश मागे सरतो. वर्गात त्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येते.

दुसरं, गोठताना फुगणं. बहुतेक धातू गोठताना आकसतात, हा सुमारे ३.३ टक्के फुगतो. काचेच्या परीक्षानळीत ओतून गोठवू नका, नळी फुटते.

तिसरं, उष्णता. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, बिस्मथची ८. पन्नासपट फरक! धातू असून उष्णता पुढे न्यायला इतका नाखूश.

चौथं मला सगळ्यांत सुंदर वाटतं. बिस्मथ हा शेवटचा स्थिर मूलद्रव्य असं आम्ही कॉलेजात शिकलो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी अतिशय थंड ठेवलेल्या स्फटिकात त्याचा अल्फा क्षय पकडला. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, निघालं १९ वर १८ शून्ये इतकी वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं धरलं तर हे त्याच्या अब्जपटीहून जास्त. म्हणजे किरणोत्सारी आहे, पण भीती बाळगायचं काहीच कारण नाही. न संपणाऱ्या वाटणाऱ्या गोष्टीचाही क्षय मोजता येतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

---

प्रश्नचिन्ह | शनिवार, रात्री १०:३१

मास्तर, इंद्रधनुषी रंगाचे, पायऱ्या-पायऱ्यांचे खडे ऑनलाइन विकतात ते बिस्मथचेच ना? माझ्या मुलीला दहावीच्या सुट्टीत करून बघायचेत. घरी होतं का?

---

पंचवटीचा_मास्तर | शनिवार, रात्री १०:५८

हो, तेच. घरी होतं, पण तुम्ही शेजारी उभं राहायचं.

चांगल्या शुद्धतेचा बिस्मथ घ्या. विकणाऱ्याकडून शुद्धतेचा कागद मागा, शिसं मिसळलेला नको. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. गॅसवर २७१ अंश सहज गाठता येतात. पातेलं, चमचा, ओतायचा साचा सगळं कोरडं ठणठणीत हवं, पाण्याचा एक थेंब पडला तर रस उसळून अंगावर येतो. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी.

वितळला की वर राखाडी साय येते ती चमच्याने बाजूला करा. गॅस बंद करून पातेलं झाकून सावकाश निवू द्या. घाई केली की खडे बारीक होतात. कडेने आणि वर पापुद्रा धरायला लागला, पण पातेलं हलवल्यावर आत अजून रस डुलतोय, त्या क्षणाला उरलेला रस दुसऱ्या भांड्यात ओतून टाका. पातेल्याच्या बुडाला आणि कडांना पायऱ्यांचे खडे उभे असतात.

रंग कुठून येतो ते मुलीला आधी विचारा. धातू स्वतः रुपेरी, किंचित गुलाबी झाकेचा. गरम खड्याला हवा लागली की वर ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा धरतो. त्या पडद्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. पडद्याची जाडी बदलली की रंग बदलतो : पिवळा, गुलाबी, निळा, हिरवा. रंगद्रव्याचा एक कणही नाही. आणि पायऱ्या का? खड्याच्या कडा मधल्या भागापेक्षा भराभर वाढतात, मधला भाग मागे राहतो.

---

केमिस्ट_काउंटर | शनिवार, रात्री ११:२०

कॉलेज रोडला औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे बिस्मथ रोज विकला जातो, घेणाऱ्यांना नावही माहीत नसतं.

पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूमुळे अल्सर होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली होती. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्या जंतूवर जी चार औषधांची एकत्र चिकित्सा देतात त्यात बिस्मथ असतो, सोबत आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक.

हे औषध घेताना जीभ आणि शौच काळं होतं. बिस्मथचा गंधकाशी संयोग होऊन काळं बिस्मथ सल्फाइड बनतं म्हणून. एक आजोबा हे औषध घेत होते, सुनेने शौचाचा रंग पाहिला आणि रक्त पडतंय समजून रात्री सगळं घर हॉस्पिटलला निघालं. निघता निघता मला फोन केला. मी विचारलं, जीभ बघा. जीभही काळी होती. डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, गोळीचाच रंग निघाला. पण म्हणून प्रत्येक काळं शौच गोळीमुळेच असं धरू नका. डांबरासारखं चिकट, घाण वास, चक्कर, अशक्तपणा असेल तर थेट डॉक्टर.

दूध आणि अँटासिड या गोळीच्या आगेमागे अर्धा तास घेऊ नये. सॅलिसिलेटवाला प्रकार लहान मुलांना स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नये, तो अ‍ॅस्पिरिनच्या कुळातला.

आणि ओतकामगार दादा, "अंगात भिनत नाही" हे बरोबर, पण मर्यादेत. आतड्यातून तो फारच कमी शोषला जातो म्हणून शिशापेक्षा सौम्य. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये लोकांनी बिस्मथची औषधं महिनोन्‌महिने घेतली आणि अनेकांना मेंदूचा त्रास झाला : गोंधळणं, हातपाय थरथरणं, चालताना तोल जाणं. बहुतेक जण औषध थांबवल्यावर सावरले. आज ही गोळी ठरावीक दिवसच देतात ते यासाठी.

---

जुनी_तांबट_आळी | रविवार, सकाळी ७:४५

आमचं घर पिढीजात भांड्यांचं. भांडी बाजारात अजून दुकान आहे. ओतकामगार, तुम्ही मोडीबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. आमचे वडील जुनी भांडी मोडीत घेताना भांड्याचा काठ वाकवून आवाज ऐकायचे आणि तुटलेली कड नखाने तपासायचे. तेवढ्यावर भाव ठरायचा. पण आता त्यांचीही नजर पुरणार नाही असं दिसतं.

एक विचारायचं आहे. हल्ली कथलाचा भाव एवढा चढलाय की कल्हई कुणाला परवडत नाही. काही जण कथलात शिसं मारतात, ते तर विषच आहे. मग शिशाऐवजी कथलात थोडा बिस्मथ घातला तर? शिशासारखा बाधत नाही म्हणता.

---

ओतकामगार | रविवार, सकाळी ८:३०

काका, नको. कल्हईत फक्त शुद्ध कथील.

कथील २३२ अंशाला वितळतं. त्यात बिस्मथ घातला की मिश्रणाचा वितळबिंदू खाली घसरतो. ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील झालं की अवघे १३८ अंश. थोडा घातला तरी थराचा काही भाग लवकर मऊ पडायला लागतो. आपल्याकडे फोडणीचं तेल १८० च्या पुढे सहज जातं. म्हणजे कढीची फोडणी दिली की कल्हई जागची सुटणार. वर बिस्मथ ठिसूळ, पळी घासली की थर उडणार. खालून तांबं उघडं पडलं की आंबट पदार्थाला हिरवट कळकतं तेही आलंच.

तेच १३८ अंशांचं मिश्रण इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र फार कामाचं. नाजूक पार्ट जास्त तापवायचा नसेल तिथे त्याचं सोल्डर वापरतात, आणि त्यात शिसंही नाही.

---

जुनी_तांबट_आळी | रविवार, सकाळी ९:०२

पटलं. फोडणीचं गणित डोक्यातच नव्हतं आलं. आमच्या कल्हईवाल्याला आजच सांगतो.

---

ट्यूबवाला | रविवार, सकाळी ११:१५

सातपूरला पाइप बेंडिंगचं काम करतो. बिस्मथचा आमच्याइतका उपयोग क्वचित कुणाला असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पातळ भिंतीची तांब्याची किंवा पितळेची नळी तशीच वाकवली तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि नळी चपटी होते. जुने लोक आत वाळू ठासून भरायचे, किंवा राळ ओतायचे. वाळू नीट ठासली गेली नाही की पोकळी राहते. राळ जाळून काढावी लागते, धूर होतो, आत काजळी धरते.

त्याऐवजी वूड्स मेटल नावाचं मिश्रण आहे. निम्मा बिस्मथ, आणि शिसं, कथील, कॅडमियम. ७० अंशाला वितळतं, म्हणजे चहाच्या पाण्यापेक्षा कमी! पद्धत अशी : नळीला आतून तेलाचा हलका हात द्यायचा, म्हणजे मिश्रण चिकटत नाही. एक तोंड बंद करून मिश्रण गरम पाण्यात वितळवून नळीत ओतायचं. लगेच नळी गार पाण्यात सोडायची. पूर्ण गार झाली की फॉर्मरवर, म्हणजे वाकवायच्या साच्यावर, सावकाश वाकवायची, झटका नाही. आतला धातू भिंतीला पाठीमागून आधार देत राहतो, सुरकुती पडायला जागाच उरत नाही. वाकवून झाली की उकळत्या पाण्यात धरायची. मिश्रण चांदीसारखं घळाघळा खाली येतं, तेच पुढच्या नळीला. आतून लोकरीचा बोळा फिरवला की नळी स्वच्छ.

गोठताना न आकसण्याचा गुण, जो मास्तरांनी सांगितला, तो इथे कामाला येतो. साधा धातू आकसून भिंतीपासून सुटला असता.

पण यात शिसं आणि कॅडमियम आहे हे विसरायचं नाही. कॅडमियमचा धूर जीवघेणा. म्हणून गरम पाण्यातच वितळवायचं, ज्योत कधीही लावायची नाही, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. माझ्या पोरांना मी हे रोज ओरडून सांगतो. ज्यांना परवडतं त्यांनी फील्ड्स मेटल घ्यावं : बिस्मथ, इंडियम आणि कथील, ६२ अंशाला वितळतं, शिसं नाही, कॅडमियमही नाही. इंडियममुळे महाग पडतं.

आगीच्या स्प्रिंकलरमध्ये जी धातूची छोटी कडी असते, ठरलेल्या तापमानाला सुटून पाणी सोडणारी, तीही याच जातीच्या मिश्रणाने जोडलेली असते. हल्ली बरेच स्प्रिंकलर काचेच्या नळीचे येतात.

---

रेडिओथेरपी_टेक | रविवार, दुपारी १:४०

ट्यूबवाला दादांच्या प्रतिसादाला जोडून. कॅन्सरच्या किरणोपचारात हेच ७० अंशांचं मिश्रण वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पेशंटच्या शरीराचा जो भाग किरणांपासून वाचवायचा, त्याच्या आकाराचा साचा थर्मोकोलमध्ये कापायचा, त्यात मिश्रण ओतायचं, झाला त्या पेशंटपुरता ठोकळा. उपचार संपले की वितळवून पुढच्या पेशंटसाठी. नवीन मशिनमध्ये पानांसारख्या हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्यामुळे हे काम खूप कमी झालंय. मी शिकलो तेव्हा ठोकळे ओतायला शिकवत. पेशंटचं नाव लिहिलेला ठोकळा वितळवताना प्रत्येक वेळी वाटायचं की यांचे उपचार पूर्ण झाले, बरं झालं.

तसंच पेट स्कॅनच्या मशिनमध्ये किरण टिपायला बिस्मथ आणि जर्मेनियमच्या ऑक्साइडचे स्फटिक वापरत आले आहेत. जड अणू असल्यामुळे गॅमा किरण त्यात चांगले अडतात.

---

द्राक्षबाग_दिंडोरी | रविवार, दुपारी ३:१०

आमचा काय संबंध असं वाटलं होतं, पण आहे. वाइनच्या बाटल्या ठेवायचा छोटा, बिनआवाजाचा कूलर येतो ना, त्यात कॉम्प्रेसर नसतो. आत एक चौकोनी चकती असते, वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. आमचा बंद पडला तेव्हा मेकॅनिकने उघडून दाखवली. त्याने सांगितलं की यात बिस्मथ टेल्युराइड असतं. मास्तर, हे कसं काय चालतं?

---

पंचवटीचा_मास्तर | रविवार, दुपारी ४:००

पेल्टिए परिणाम. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज गेली की एका जोडावर उष्णता शोषली जाते आणि दुसऱ्यावर बाहेर पडते. यासाठी पदार्थ वीज चांगली नेणारा, पण उष्णता न नेणारा हवा, नाहीतर गरम बाजूची उष्णता लगेच गार बाजूला परतते. बिस्मथ टेल्युराइड नेमकं तसं आहे, घरातल्या तापमानाला याच्याइतकं चालणारं फार थोडं आहे. उलटंही होतं : एक बाजू तापवली, दुसरी गार ठेवली तर वीज मिळते. सीबेक यांना १८२१ मध्ये हे दिसलं तेव्हा त्यांच्या प्रयोगातही बिस्मथ होता.

कूलर बंद पडला तर चकती बदलायच्या आधी मागचा पंखा बघा. गरम बाजूची हवा निघाली नाही तर चकती गार करूच शकत नाही.

---

रानपाखरू | रविवार, सायंकाळी ६:२५

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी मी एक. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण परदेशात जिथे पाणपक्ष्यांची शिकार चालते तिथे बंदुकीचे शिशाचे छर्रे दलदलीत पडतात. बदकं दाणे दळायला खडे गिळतात, त्यासोबत छर्रेही गिळतात, पेषणीत शिसं घासलं जातं आणि पक्षी विषाने मरतात. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद केले. तिथे पोलादाबरोबर बिस्मथ-कथलाच्या छर्‍यांना परवानगी आहे. शिकार मला पटत नाही, पण तेवढं तरी विष कमी झालं. मासेमारीच्या गळाची वजनंही बिस्मथची मिळतात.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, सायंकाळी ७:०५

हे सगळं ऐकून वाटतं की शिसं जिथे जिथे आहे तिथे बिस्मथ घालून टाका. मग अडतं कुठे?

---

ओतकामगार | रविवार, रात्री ८:४५

अडतं दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे बिस्मथची स्वतःची खाण अशी जवळजवळ नसतेच. शिसं, टंगस्टन वगैरे काढताना तो सोबत निघतो. शिशाच्या शुद्धीकरणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घालून त्याला वेगळा करतात. म्हणजे मागणी वाढली म्हणून कुणी जास्त बिस्मथ काढू शकत नाही, शिसं जितकं शुद्ध होईल तितकाच हा मिळणार. शिसं टाळायला जो धातू हवा तोच शिशाच्या पोटातून येतो.

दुसरं, शुद्ध बिस्मथाचा मोठा वाटा चीनमधून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि जागतिक बाजारात भाव काही आठवड्यांत कित्येक पटींनी चढले. आम्हाला रॉडचा जुना भाव सांगणारा एकही पुरवठादार उरला नाही. ज्यांनी निर्यातीचे ऑर्डर जुन्या भावाने घेतले होते त्यांची झोप उडाली.

---

सिलिकॉन_समर्थक | रविवार, रात्री ९:३०

म्हणूनच मी म्हणतो, बिस्मथच्या नादी लागूच नका. आमच्याकडे सिलिकॉन ब्रास घेतलं, ७६ टक्के तांबं, ३ टक्के सिलिकॉन, बाकी जस्त. सिलिकॉनला चीनची वाट बघावी लागत नाही, ताकद चांगली, भेगा नाहीत. बिस्मथ ब्रास गरम फोर्जिंगला, म्हणजे तापवून ठोकून घडवायला, मला कधीच भरवशाचं वाटलं नाही.

---

ओतकामगार | रविवार, रात्री १०:१०

तुमचं फोर्जिंगबद्दलचं म्हणणं मान्य. पण लेथवर सिलिकॉन ब्रास कठीण जातं, टूल लवकर बोथट होतं, कार्बाइड चांगल्या ग्रेडचं लागतं, मशिन दणकट हवी. लहान वर्कशॉपला जुन्या लेथवर बिस्मथ ब्रास सोपं. आणि भंगाराचा प्रश्न तुम्हालाही सुटलेला नाही : सिलिकॉनचा चुरा शिशाच्या पितळेत किंवा गनमेटलमध्ये, म्हणजे तांबं-कथील-जस्ताच्या मिश्रणात, गेला तर कास्टिंग गळकं होतं, वर मळी धरते. म्हणजे वेगळं ठेवायचं ते दोन्हीकडे ठेवायचंच. मी तर म्हणतो तुमचा चुरा, बिस्मथचा चुरा आणि शिशाचा चुरा हे तिघे एका छपराखाली असले तरी एका झाडूने झाडायचे नाहीत.

---

सिलिकॉन_समर्थक | रविवार, रात्री १०:२२

झाडूचं मान्य. आमच्याकडेही हे व्हायला हवं. तुम्ही आता नेमकं काय करता ते सांगा, आमच्या स्टोअरवाल्याला दाखवतो.

---

ओतकामगार | रविवार, रात्री ११:००

बिस्मथ ब्रासचा रॉड आला की दोन्ही टोकांना निळा रंग, गोडाउनमध्येच. कापल्यावर उरलेल्या तुकड्यालाही लगेच रंग, कारण गोंधळ तुकड्यातच होतो. शक्यतो एक मशिन त्यालाच ठेवलं आहे. मशिन बदलावं लागलं तर ट्रे, कूलंटची जाळी आणि बेडच्या खालचा कोपरा साफ केल्याशिवाय पुढचा रॉड लागत नाही. कोपऱ्यातली मूठभर चिप एका मुशीतला सगळा रस नासवते. चुऱ्याला झाकणाचा निळा ड्रम, आणि तो भंगारवाल्याला न विकता ज्याच्याकडून रॉड घेतो त्यालाच परत. भाव थोडा कमी मिळतो, चालतं.

बाहेरून येणारा चुरा थेट मुशीत टाकत नाही. प्रत्येक पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून मूठ काढून छोटी लादी ओतायची आणि ती स्पेक्ट्रोला द्यायची. वरची मूठ नेहमी चांगलीच असते. लॅबला देताना आधीच सांगा की बिस्मथचा आकडा हवा आहे. नेहमीच्या पितळेच्या रिपोर्टात तांबं, जस्त, शिसं, लोखंड, कथील एवढंच छापून येतं, मागितल्याशिवाय बिस्मथची ओळ येत नाही. आमचा पहिला रिपोर्ट तसाच आला होता, सगळे आकडे बरोबर आणि बॉडी मात्र तडकलेली.